चार शब्द आणि लाल शाईचा एक रकाना

तोक्योत आमच्या भागातल्या एका केंद्रात ज्येष्ठांना मी हौसेने इंग्रजी शिकवते. नावनोंदणी वगैरे झटपट झाली. घोडं अडलं 'निवड करताना लागणारे शब्द' या पाठाच्या कागदावर.

केंद्राचा साचा ठरलेला. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे लाल शाईत एकच जपानी अर्थ. वर लाल प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा ठेवला की अर्थ गायब, मग घोका. जपानात परीक्षांची कितीतरी पुस्तकं अशीच छापतात. पण चूज, पिक, सिलेक्ट, इलेक्ट यांच्यापुढे काय लिहायचं? एराबु, म्हणजे निवडणं. एराबु, एराबु, एराबु, एराबु! (आपणही मेथी आणि आमदार दोन्ही निवडतोच म्हणा.) मी अर्थ गाळून वाक्यं घातली. व्यवस्थापक बाईंनी कमरेत वाकून कागद परत दिला: "फार छान आहे, पण रकाना रिकामा दिसतोय." कारणं लिहून पुन्हा दिला. पुन्हा परत, आता पेन्सिलीने, मोत्यासारख्या अक्षरात, चारही ओळींत 'एराबु' लिहून. वाद घालावा तर समोरून फक्त हसू. शिवाय वरिष्ठांचा शिक्का हवा आणि तो महिन्याच्या बैठकीतच मिळणार. डोकं फिरलं माझं.

इकडे वर्गात एक आजोबा केकचं चित्र दाखवून म्हणाले, "प्लीज पिकअप टू." जपानीत 'पिक्कुआप्पु' म्हणजे त्यातून निवडणं, इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटेल, दोन उचलून आणा. कशावर शिक्का हवा, ते इथे दिसत होतं!

शेवटी रकाना ठेवला, शाईही लाल ठेवली, फक्त अर्थाऐवजी जपानीत प्रसंग लिहिले: पिकपुढे 'ताटलीतून पटकन एक', सिलेक्टपुढे 'नीट पारखून', इलेक्टपुढे 'मत देऊन', चूज मात्र 'कुठेही चालेल'. रकाना भरलेला दिसला आणि शिक्का बसला. तुम्हीही कुठे शिकवत असाल तर साच्याशी भांडू नका, साचा भरा. आता तोच कागद नमुना म्हणून फायलीत आहे, हे मी मुद्दाम सांगतेय.

'प्रीफर'नंतर 'दॅन' नाही, 'टू' येतो, हे जपानी विद्यार्थ्यांना शाळेपासून पाठ असतं. त्यात वेळ घालवू नका. 'आय डिसायडेड कॉफी' मात्र हमखास ऐकू येतं, तिथे 'ऑन' घालून घ्या. आणि हो, 'यू हॅड बेटर'. शाळेत ते 'केलेलं बरं' असं शिकवतात, म्हणून एक आजी मला प्रेमाने म्हणतात, "यू हॅड बेटर ईट धिस." ऐकायला धमकीच. त्यांना 'व्हाय डोन्ट यू' शिकवतेय, अजून बसलेलं नाही.