कोने त्यां जवुं छे?

अहमदाबादेत तीन दिवस होतो. साबरमती आश्रम, अडालजची वाव (पायऱ्यांची विहीर), रात्रीचा माणेक चौक, सगळं यथासांग झालं. पण आठवण अडकली आहे ती एका पोळीत. (हे वाक्य घरी म्हटलं की सगळे हसतात.)

सकाळचा हेरिटेज वॉक कालूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघतो. मला जाग उशिरा आली, तो चुकला. म्हणून एकटाच एका दरवाजातून आत शिरलो. पोळ म्हणजे जुन्या शहरातली दरवाजाआडची वस्ती; शब्दाचा मूळ अर्थच दरवाजा. आत वळणावळणाची बोळ, दोन्हीकडे लाकडी कोरीव घरं, मध्ये खांबावर पाखरांचा चबुतरा आणि प्रत्येक दाराशी ओटला. पन्नास पावलांत तिघांनी विचारलं, "कोने त्यां जवुं छे?" कुणाकडे जायचंय? तिसऱ्यांदा मी वैतागलो. २०१७ पासून अख्खं जुनं शहर युनेस्कोच्या यादीत आहे, बघायला आलोय, आणखी काय सांगायचं!

तिसऱ्या होत्या गवार मोडत बसलेल्या एक आजी. माझा चेहरा बघून त्यांनी ताट सरकवलं. "बेसो." बसलो, आणि रिकामा कशाला म्हणून गवारही मोडायला घेतली. त्या ओटल्यावरून पोळीचा दरवाजा थेट दिसत नव्हता, पण वळणावरून येणारा प्रत्येक जण हातभर अंतरावरून जात होता. न बोलता पुढे जाणं अवघडच. एकाने तर स्कूटर थांबवून माझीही चौकशी केली.

आजींनी आतला चौक दाखवला. फरशीत दगडी झाकण, खाली टांकं. गच्चीवरचं पावसाचं पाणी नळीने त्यात उतरतं. मुलगा नदीपलीकडे फ्लॅटमध्ये राहतो, उत्तरायणाला पतंग उडवायला मात्र इथल्याच गच्चीवर येतो. आजी तिकडे दोन महिने राहून परतल्या. "दरवाजा बंद करके बैठो," एवढंच त्यांचं मत. पुण्यात माझ्या मजल्यावर चार दारं आहेत. समोरच्यांचं आडनाव मला पाटीवरून माहीत आहे, चेहरा लिफ्टमधून.

जिने मात्र भयंकर. दोर धरून चढायचं, आणि माझे गुडघे आता त्यातले नाहीत. इथे राहायला येशील का, असं विचाराल तर नाहीच म्हणेन.

निरोप घेऊन ऐटीत निघालो आणि चुकीच्या बोळात वळलो. पुढे भिंत. परत फिरलो तर पुन्हा तोच ओटला. आजींनी वर न बघता ताट माझ्याकडे सरकवलं. निम्मी गवार अजून बाकी होती.