डावा खांदा

रात्री पावणेदोनला अपघात विभागातून फोन आला. 54 वर्षांचे गृहस्थ, अचानक पोटात दुखायला लागलं, दोन उलट्या, बाथरूममध्ये भोवळ. ईसीजी नॉर्मल, हिमोग्लोबिन 12.8. मी फोनवरच ॲसिडिटीचं इंजेक्शन सांगून टाकलं. ते मला आजही खटकतं.

खाली गेलो तर ते कॉटवर पाय सोडून बसलेले. "जरा झोपा, पोट तपासतो," म्हटलं.

"डॉक्टर, यांना आडवंच होता येत नाहीये," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "पाठ टेकली की डावा खांदा धरतात."

खांद्याला मार नव्हता. पण पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला टोचायला लागलं की कळ खांद्यात उठते. दोघांचे मज्जातंतू मानेत एकाच ठिकाणाहून निघतात. पापणी खाली ओढली, आत पांढुरकी. नाडी 118. बीपी 104, पण एरवी यांचं वरचं 150 असायचं. हिमोग्लोबिनवर मी विसंबायलाच नको होतं. रक्त वाहतं तेव्हा पेशी आणि प्लाझ्मा बरोबरच जातात, उरलेलं तेवढंच दाट राहतं. आकडा उतरायला वेळ लागतो.

सोनोग्राफीचं मशीन कॉटशी ओढलं. यकृत आणि उजव्या किडनीच्या मध्ये काळी पट्टी, म्हणजे तिथे द्रव साचलेला. सुई घातली, सिरिंजमध्ये गडद रक्त आलं आणि ते गोठेना, म्हणजे शिरेतलं नव्हे, पोटात साचलेलंच.

रक्ताच्या दोन पिशव्या चढवून सीटी अँजिओ, म्हणजे धमन्या दाखवणारा स्कॅन केला. रक्त पोटभर पसरलेलं, पण आडव्या मोठ्या आतड्याच्या मुळाशी एक गुठळी बाकीच्यापेक्षा पांढरी. फुटलेल्या जागेपाशीच रक्त आधी गोठतं, म्हणून ती खूण मोलाची. शेजारी त्या आतड्याला रक्त पुरवणारी मिडल कॉलिक धमनी, मण्यांच्या माळेसारखी, तिच्यावर छोटासा फुगा. पोट न उघडता, धमनीच्या आतून बारीक तारेची कॉइल टाकून ती बंद करता आली असती. त्यासाठीची टीम घरून निघालीही होती, तेवढ्यात बीपी 70 वर आलं. आता थांबणं शक्य नव्हतं.

"पोट उघडायच्या आधी मला सांगा," भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. "आतला दाब सुटला की प्रेशर पडणार." पडलंच. दोन लिटरच्या वर रक्त होतं. गुठळ्या ओंजळीनं बाहेर काढल्या, पुसलं की पुन्हा भरायचं. शेवटी धमनी चिमटीत सापडली आणि भरणं थांबलं. ती बांधली, फुगलेला तुकडा तपासायला काढला. मग आतड्यावर कोमट ओले मॉप ठेवून रंग बघत उभे राहिलो, कारण रक्तपुरवठा तुटला असता तर तेवढं आतडं काढावं लागलं असतं. दहा मिनिटांनी मॉप उचलले. गुलाबी होतं.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नंतर आला: सेगमेंटल आर्टेरियल मिडिओलिसिस. धमनीचा मधला थर जागोजागी विरतो आणि भिंत फुगते. 1976 मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला, फार क्वचित दिसणारा आजार. यात दाह नसतो, म्हणून स्टिरॉइड दिले नाहीत. बीपी ताब्यात ठेवायचं आणि इतर धमन्यांसाठी पुन्हा स्कॅन करायचा, एवढं ठरलं.

पाचव्या दिवशी राउंडला गेलो तर ते उताणे, गाढ झोपलेले. "उठवू का?" पत्नींनी विचारलं. मी नको म्हटलं.