बाटलीतला कापूस

शुक्रवार, रात्री उशिरा

आज तिनं पर्समधून एक बाटली काढून माझ्या पुढ्यात ठेवली. वर कॅल्शियमच्या गोळ्यांचं लेबल, कडा झिजलेल्या. झाकण उघडलं तर आत गळ्यापर्यंत कापूस. एक बोळा काढला, त्याखाली दुसरा, मग गोळ्या.

"वाजू नयेत म्हणून," ती म्हणाली.

११ गोळ्या होत्या. रोजची एक, म्हणजे ११ दिवस.

नवऱ्याला तिचा एचआयव्हीचा रिपोर्ट माहीत आहे, त्यामुळे त्याच्यापासून आजार लपवायचा नव्हता. लपवायच्या होत्या त्या गोळ्या. भांडण झालं की तो आधी त्या शोधतो. दोनदा तिच्या देखत संडासात ओतल्या आणि वर साखळी ओढली. मारहाणीबद्दल ती आवाज न चढवता बोलते, कधी काय झालं ते सरळ सांगते. गोळ्यांचं सांगताना मात्र तिचे हात थरथरत होते. मी समजू शकते. मार लागतो तो दिसतो, भरून येतो. डोस चुकत गेले की शरीरातला विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, आणि ते बाहेरून कुणाला दिसत नाही.

"बाहेर पडून तर बघ, सगळ्यांना सांगतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्या एका वाक्यावर त्यानं तिला चार वर्षं घरात ठेवलं.

दुपारी दोन ठिकाणी फोन केले. पहिला आधारगृहात. जागा होती. पलीकडच्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांचा तिसराच प्रश्न "काही आजार?" आणि नियम असा की सगळी औषधं कार्यालयातल्या कपाटात जमा करायची, रोज रांगेत उभं राहून मागायची. त्या रांगेत कोण काय घेतं हे आठवड्यात सगळ्यांना कळतं. दुसरा फोन एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठीच्या निवासात. तिथे आजाराबद्दल चकार शब्द नाही, गोळ्या स्वतःच्या खणात. पण तो पत्ता उपचार केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिचा नवरा त्याच केंद्रात रांगेत उभा राहतो.

एकीकडे तिचं गुपित राहत नाही, दुसरीकडे पत्ता गुप्त राहत नाही. गेली कित्येक वर्षं मी याच दोन दारांमध्ये बायकांना घेऊन फिरते आहे.

आज हे लिहायलाच हवं: एकदा मी स्वतः चूक केली आहे. खूप वर्षांपूर्वी अशीच एक बाई, रात्रीची वेळ, आणि फोनवर "काही आजार?" मला वाटलं खरं सांगितलं तर तिची नीट काळजी घेतील. सांगून टाकलं. तिला विचारलं नाही, ती शेजारीच बसलेली होती तरी. खाट मिळाली. चौथ्या दिवशी भेटायला गेले तर तिचं ताट-पेला वेगळा, खाट भिंतीकडे सरकवलेली, आणि दोन मुलींना तिच्याजवळ बसायची मनाई. ती मला एकच म्हणाली, "ताई, तो निदान फक्त धमकीच द्यायचा." पुढच्या आठवड्यात ती तिथून निघून गेली. कुठे, ते मला कधीच कळलं नाही.

ताट वेगळं करण्याला तेव्हाही काही आधार नव्हता. एकत्र जेवल्यानं, शेजारी झोपल्यानं हा विषाणू पसरत नाही हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. नियमित औषधानं व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत न सापडण्याइतका खाली गेला तर शरीरसंबंधातूनही तो पसरत नाही. पार्टनर या युरोपातल्या अभ्यासाचा निकाल २०१६ मध्ये आला. ८८८ जोडप्यांनी कंडोमशिवाय संबंध ठेवले होते, आणि औषधानं विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेली एकही लागण सापडली नाही. पण हे सगळं समजावून सांगायची जबाबदारी रात्री ११ वाजता दारात उभ्या असलेल्या, ओठ फुटलेल्या बाईवर का यावी? तिला आधी आतून कडी लागणारी खोली द्या.

अमेरिकेत हे प्रश्न कागदावर बरेच आधी आले. १९९० साली तिथे हॉप्वा (हाउसिंग ऑपॉर्च्युनिटीज फॉर पर्सन्स विथ एड्स) ही योजना सुरू झाली, एड्स असलेल्यांना घरभाड्याची आणि घराची मदत देणारी. तिचं नावच पूर्ण उच्चारलं की आजार उघड होतो. असं नाव घरमालकाला जाणाऱ्या पाकिटावर आलं तर काय होईल याचा विचार मदत देणाऱ्यांना रोज करावा लागतो. महिलांवरील हिंसाचाराविरुद्धचा तिथला कायदा १९९४ चा. २०१३ मध्ये त्याचं संरक्षण हॉप्वाच्या घरांनाही मिळालं: हिंसाचार सोसला म्हणून घरातून काढता येत नाही, आणि भाडेकरारातून मारणाऱ्याचं नाव वगळून तिला तिथेच ठेवता येतं. २०१६ मध्ये तर गृहनिर्माण आणि न्याय या दोन खात्यांनी मिळून, हिंसाचार सोसलेल्या आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या घरांसाठी एकत्र निधी दिला. मला यातली रकमेपेक्षा दोन खाती एका टेबलाशी बसली ही गोष्ट मोठी वाटते.

भारतातला २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदाही सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायालय मारणाऱ्याला घराबाहेर जायला सांगू शकतं किंवा तिच्या दुसऱ्या जागेचं भाडं त्याला भरायला लावू शकतं. हे तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या घरात नाही. तिथल्या मोरीचा आवाजसुद्धा नको. भाड्याचं काय ते सांगा."

मग भाड्याचंच बोललो. जागा तिच्या नावावर हवी, पण तिच्या नावावर आजवर काहीच नाही. ना वीजबिल, ना भाडेपावती, सगळं त्याच्या नावावर. अनामत रकमेची सोय एका निधीतून होईल, मात्र पैसे देणाऱ्याचं नाव साधं, कशाचाच उल्लेख नसलेलं असावं, हे मी अर्जातच लिहिलं. आणि जागेच्या आधी उपचार केंद्र बदलायचं, कारण महिन्याची ठरलेली तारीख त्याला पाठ आहे. बदलीचं पत्र, नव्या केंद्रात नोंद, फोनवर येणाऱ्या आठवणीच्या संदेशांचा नंबर बदलणं. हे सगळं ११ दिवसांत. खरं तर १०, कारण शेवटच्या गोळीपर्यंत थांबायचं नाही.

आधारगृहाच्या बाईंना उद्या सकाळी पुन्हा फोन करायचा आहे. औषधं कपाटात ठेवायचा नियम तिच्यापुरता सोडतील का, कुलपाचा एक छोटा डबा चालेल का, हे विचारायचंय. ती म्हणाली, "मी बोलते. 'रोजची औषधं आहेत, मला स्वतःजवळ लागतात' एवढंच सांगेन. त्यांनी जास्त विचारलं तर मी ठरवेन." मी शेजारी बसणार आहे, काही न बोलता.

आज रात्री ती मैत्रिणीकडे आहे. तीन रात्रींची सोय. मैत्रिणीला मारहाणीचं माहीत आहे, बाकीचं नाही. निघताना तिनं दोन्ही बोळे एकामागून एक नीट दाबून बसवले, झाकण घट्ट फिरवलं आणि बाटली कानाशी नेऊन एकदा हलवून पाहिली.