हुद्दा लिहिताना आणि हाक मारताना

बातम्यांत, निमंत्रणपत्रिकांवर आणि गावोगावच्या स्मारकांवर सैनिकाच्या नावाआधी बहुधा एकच शब्द असतो, तो म्हणजे जवान. या शब्दातली आपुलकी खरी आहे, पण तो हुद्दा नव्हे. दंडावरची एकेक फीत मिळवण्यासाठी ज्याने उमेदीची वर्षे दिली, त्याचा नेमका हुद्दा लिहिणे एवढी तसदी आपण घ्यायलाच हवी, असे मला मनापासून वाटते.

भारतीय पायदळात शिपायानंतर लान्स नाईक, नाईक आणि हवालदार हे हुद्दे येतात आणि त्यांच्या दंडावर अनुक्रमे एक, दोन व तीन फिती असतात. मात्र पहिल्या पायरीचे नाव दलानुसार बदलते : तोफखान्यात गनर, अभियंता दलात सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, रणगाडा दलात सवार. 1999 मध्ये टायगर हिलवर लढलेले योगेंद्रसिंह यादव ग्रेनेडियर होते; ग्रेनेडियर्स या पायदळाच्या रेजिमेंटमध्ये पहिल्या पायरीचे हेच नाव आहे. त्यांना शिपाई म्हणणे जवळपास बरोबर असले, तरी बरोबर नाही. रणगाडा दलात तर हवालदाराचा दफेदार आणि सुभेदाराचा रिसालदार होतो.

सर्वाधिक घोटाळा होतो तो नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर या, हवालदाराच्या वर पण लेफ्टनंटच्या खाली असणाऱ्या कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांबाबत (जेसीओ). सुभेदाराच्या खांद्यावरचे दोन तारे पाहून अनेक जण त्यांना लेफ्टनंट समजतात, कारण ताऱ्यांसोबतच्या रंगीत फितीकडे लक्ष जात नाही; सुभेदार मेजरांचा उल्लेख नुसता ‘मेजर’ असा केला, तर तो वेगळाच हुद्दा होतो. संबोधनाची लष्करी रीत मला फार मोलाची वाटते. नुकताच रुजू झालेला तरुण लेफ्टनंट हुद्द्याने वरिष्ठ असूनही वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेल्या सुभेदारांना ‘साहेब’ म्हणतो. आपणही त्यांना ‘सुभेदार साहेब’ अशी हाक मारावी.

नेमणूक आणि हुद्दा यांतही फरक आहे. कंपनी हवालदार मेजर ही नेमणूक, म्हणजे सोपवलेली जबाबदारी, असून त्या व्यक्तीचा हुद्दा हवालदार हाच असतो.

जुन्या प्रसंगाविषयी लिहिताना त्या वेळचा हुद्दा द्यावा. 1987 मध्ये सियाचीनवरची चौकी जिंकणारे बाना सिंग तेव्हा नायब सुभेदार होते, पुढे ते मानद कॅप्टन झाले. चढाईच्या वर्णनात त्यांना कॅप्टन म्हटले, की त्या तुकडीचे नेतृत्व कोणत्या पातळीवरच्या माणसाने केले हेच वाचकाला कळत नाही. 1944 मध्ये इटलीत धारातीर्थी पडलेल्या, व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकरी यशवंत घाडगे यांच्या नावाआधीचा ‘नाईक’ हाही हुद्दाच आहे, आणि तो गाळू नये.

निवृत्तांच्या बाबतीत ‘निवृत्त’ हा शब्द हुद्द्याला न चिकटवता कंसात शेवटी लिहावा, कारण निवृत्त होतो तो माणूस, त्याचा हुद्दा नव्हे. शौर्यपदक असल्यास ते नावानंतर स्वल्पविराम देऊन लिहावे आणि ‘निवृत्त’ त्याच्याही पुढे घ्यावे. ‘मरणोत्तर’ हा शब्द मात्र पदकाला लागून यावा, कारण मरणोत्तर मिळालेले असते ते पदक. हुद्दा त्या सैनिकाने हयातीतच कमावलेला असतो.