कोंजॅक: गुठळ्या सुटल्या, क्रोमियम यादीतून बाद

मागच्या खेपेला १ ग्रॅम ग्लुकोमॅनन (कोंजॅक कंदातला पाण्यात फुगणारा तंतू, वजन घटवण्यासाठी पितात) २५० मिली पाण्यात टाकून जो लगदा झाला, त्याचं कारण अखेर सापडलं. तळाची एक गुठळी सुरीने कापली तर बाहेर काचेसारखा पारदर्शक थर आणि आत चक्क कोरडी पांढरी पूड! पाणी लागताच वरचे कण फुगून एकमेकांना चिकटतात आणि आतल्या पुडीची वाटच बंद करतात. मग कितीही ढवळा. गरम पाण्यात हे आणखी झपाट्याने होतं, बारीक पुडीतही तेच. ‘अतिसूक्ष्म’ म्हणून जादा पैसे लावणारे विक्रेते हे सांगत नाहीत.

इलाज असा: पूड आधी पाचपट दाणेदार एरिथ्रिटॉलमध्ये (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) कोरडीच कालवायची. पाणी फ्रिजमधलं. भोवरा पडेल इतक्या जोरात ढवळत चाळणीतून भुरभुरायची. एकही गुठळी नाही! हँड ब्लेंडर नकोच; तो हवा कोंबतो आणि द्राव घट्ट झाला की बुडबुडे तिथेच अडकतात. साधा व्हिस्क बरा.

घट्टपणा मात्र पुढे तासभर वाढत राहतो, म्हणून कालवलं की लगेच प्यायचं आणि वर आणखी एक ग्लास पाणी. कोरडी पूड तोंडात कधीच नाही, अन्ननलिकेत फुगून अडकते. वजन घटवण्यासाठी युरोपीय संघाने मान्य केलेलं प्रमाण दिवसाला ३ ग्रॅम: जेवणाआधी १-१ ग्रॅम, तेही कमी उष्मांकांच्या आहारासोबत. औषधं एक तास आधी किंवा चार तासांनंतर. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टर.

यातच क्रोमियम पिकोलिनेट (वजन घटवण्यासाठी विकलं जाणारं क्रोमियमचं पूरक) घालायचा बेत होता. त्यात क्रोमियम सुमारे १२.४ टक्के, म्हणजे २०० मायक्रोग्रॅमसाठी पूड जेमतेम १.६ मिलिग्रॅम. मिलिग्रॅम दाखवणाऱ्या घरगुती काट्याची चूकच तेवढी असते. पातळ द्रावण करून मापावं तर पिकोलिनेट पाण्यात नीट विरघळत नाही. शिवाय २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा) वजनातला फरक सुमारे १ किलोचा, आणि पुरावाही भरवशाचा नाही. एवढ्यासाठी मायक्रोग्रॅमशी खेळ कशाला? बाद.

हे लिहितानाच सुचलं: प्यायचं कशाला, खाद्य दर्जाच्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडने (म्हणजे चुन्याने) जेल बांधून नूडल्स केल्या तर? १०० मिलीला ३ ग्रॅम पूड, पुडीच्या ५ टक्के चुना, मग उकळत्या पाण्यात. पण एकदा बांधलेलं जेल पोटात पुन्हा विरघळून घट्ट होत नाही. उरतो तो जवळजवळ बिनउष्मांकाचा भरणा. तरीही पुढचा घाणा नूडल्सचाच. चुन्यामुळे कोंजॅकला सुटणारा उग्र वास किती पाण्यांत धुऊन जातो, ते मोजायचं आहे.