रात्रीचा ग्रामीण रस्ता आणि समोर आलेले जनावर

रात्री समोर जनावर उभे ठाकल्यावर चालक काय करतो, याला फार उशिरा महत्त्व येते. ते दिसण्यापूर्वी गाडीचा वेग किती होता, यावरच बहुधा सारे ठरते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. धोका लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद सहज जातो, आणि कोरड्या डांबरावरसुद्धा गाडी थांबेपर्यंत एकूण ७० मीटरच्या आसपास अंतर संपलेले असते. डिपरचा, म्हणजे खाली झुकवलेल्या हेडलाइटचा, उपयोगी प्रकाश मात्र साधारण ५० ते ६० मीटरच पोचतो. म्हणूनच अशा रस्त्यांवर अंधार पडल्यावर मी ५० च्या पुढे जात नाही, मग मागचा कितीही हॉर्न वाजवो.

गाय, हरिण, कुत्रा यांच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असल्यामुळे त्यांचे डोळे दुरूनच चमकतात. रानडुकराला हा थर नसतो, आणि पाठमोऱ्या म्हशीच्या बाबतीत तर चमकायला समोर डोळेच नसतात. एकदा पावसाळी रात्री मला पुढच्या डांबराचा एक तुकडा जरा जास्तच काळा वाटला, म्हणून मी वेग कमी केला. मग त्या काळोखात एक कान हलला आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली म्हैस दिसली. तिला तरी दोष कसा द्यावा? डांबर दिवसाची ऊब धरून ठेवते, आणि भोवतीच्या चिखलापेक्षा ते कोरडेही असते.

एक जनावर ओलांडून गेले की रस्ता मोकळा झाला असे मानणे धोक्याचे आहे. हरणे बहुधा एकामागोमाग येतात, आणि गाय पलीकडे पोचली असेल तर अलीकडे राहिलेले वासरू कुठल्याही क्षणी तिच्याकडे धाव घेते. मेंढरांच्या कळपात पुढची वळली की मागच्या सगळ्या वळतात, त्यामुळे तिथे हॉर्न न वाजवता थांबून मेंढपाळाच्या हाताकडे पाहावे. रस्त्यात थबकलेल्या हरणावर अप्पर, म्हणजे दूरवर जाणारा प्रखर झोत, रोखून ठेवला तर ते अधिकच गोंधळते. डिपर करून त्याला क्षणभर वेळ द्यावा.

टक्कर अटळ वाटली तरी स्टिअरिंग गर्रकन फिरवू नये, आपल्याच लेनमध्ये सरळ राहून करकचून ब्रेक दाबावा, कारण झाडावर किंवा समोरच्या वाहनावर आदळणे बहुतेक वेळा जास्त घातक ठरते. उंट, घोडा, मूस (थंड प्रदेशातले अजस्र हरिण) अशा उंच प्राण्यांचे पाय बंपरला लागतात आणि जड धड थेट काचेवर येते, म्हणून तिथे आघातापूर्वी कमी झालेला प्रत्येक किलोमीटर मोलाचा असतो.

तरीही सगळा भार चालकावर टाकणे मला पटत नाही. कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गाला दुतर्फा कुंपण घालून वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि पूल बांधले, तेव्हा त्यांच्याशी होणाऱ्या टकरी ८० टक्क्यांहून अधिक घटल्या. अस्वले आणि लांडगे यांसारख्या बुजऱ्या प्राण्यांना ते मार्ग अंगवळणी पडायला काही वर्षे लागली, त्यामुळे पहिल्याच वर्षी वापर कमी दिसला म्हणून अशी कामे थांबवू नयेत. आणि कुंपणाशिवाय नुसता पूल बांधून तर भागणारच नाही.