वर्क्सवर्थ ते क्रॉमफर्ड: ही वाट उलटी चाला

"जुन्या रेल्वेची वाट आहे, म्हणजे सपाटच असणार." इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या हाय पीक ट्रेलबद्दल मला हे एका ओळखीच्यांनी सांगितलं. हातात पडलेल्या एका माहितीपत्रकातही तेच छापलेलं होतं. क्रॉमफर्डहून वर्क्सवर्थकडे निघाल्यावर जो पहिला टप्पा लागतो, त्याबाबतीत ही माहिती साफ चुकीची आहे. गुडघेदुखी असलेल्या वडिलांबरोबर मी तो टप्पा चढले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आईवडील भारतातून आले आणि लंडन-स्कॉटलंड दाखवून झालं की पुढे कुठे न्यायचं, हे इथल्या बहुतेक मराठी घरांत ठरत नाही. त्यांना वर्क्सवर्थला न्याच. फक्त वाट उलटी धरा.

आम्ही तिथे का गेलो ते आधी सांगते. बाबा परळच्या गिरणीत रिंग खात्यात होते, ८२च्या संपापर्यंत. मुंबईतली पहिली सूतगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. त्याच्या ८५ वर्षं आधी, १७७१ साली, रिचर्ड आर्कराइटने क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभी केली. घराघरातलं कातणं एका छपराखाली, पाळ्यांमध्ये आणि ठरलेल्या वेळेत बांधलं गेलं ते तिथे. डर्वेंट नदीच्या काठच्या या सगळ्या गिरण्या २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. डर्बीला राहून बाबांना ही गिरणी दाखवली नसती तर मलाच चैन पडलं नसतं.

डर्बीहून मॅटलॉककडे जाणारी छोटी गाडी क्रॉमफर्डला थांबते. स्टेशनातून नदीच्या पुलावरून चालत दहा-पंधरा मिनिटांत गिरणी येते. आवारात फिरायला पैसे पडत नाहीत, वाटाड्याबरोबरच्या फेरीला पडतात. ती फेरी घ्या, पैसे वसूल होतात. गिरणीच्या रस्त्याकडच्या भिंती किल्ल्यासारख्या उंच आणि खाली जवळजवळ बिनखिडक्यांच्या आहेत, कारण यंत्रं फोडायला येणाऱ्या जमावाची तेव्हा खरोखर धास्ती होती. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालायच्या, कामावर मुलंही असायची. फाटक बंद झाल्यावर आलेल्याची मजुरी बुडायची. "आमच्याकडे भोंगा व्हायचा, इथे घंटा होत असेल," बाबा म्हणाले. मग फलकावरच्या चित्रात त्यांनी मला सूत कातायच्या यंत्रातल्या रोलरच्या जोड्या दाखवल्या. पुढची जोडी मागचीपेक्षा वेगाने फिरते, त्यामुळे पेळू ताणला जाऊन बारीक होतो आणि मग त्याला पीळ बसतो. "अगं, हेच तर आमच्या रिंग फ्रेममध्ये. फक्त आमच्या चात्या किती जोरात फिरायच्या!" फेरीतल्या इतर लोकांनी त्यांना थांबवून प्रश्न विचारले. मी दुभाषी झाले आणि फेरी बरीच लांबली.

एक गोष्ट तिथे नीट ऐकून घ्या, कारण पुढे वर्क्सवर्थला ती लागते. गिरणीचं पाणी डर्वेंट नदीचं नव्हतं. एक ओढा होता, आणि त्याच्या जोडीला डोंगरातल्या शिशाच्या खाणींतून निचरा करणाऱ्या बोगद्याचं पाणी. ते जमिनीखालून येत असल्यामुळे थोडं कोमट असायचं, हिवाळ्यात गोठायचं नाही. पण खाणवाल्यांनी पुढे आणखी खोल बोगदा काढला आणि पाणी तिकडे उतरायला लागलं. आर्कराइटच्या वारसांनी दावा लावला. १८३९ साली निकाल लागला की खाणीच्या निचऱ्याच्या पाण्यावर गिरणीचा हक्क नाही. क्रॉमफर्डची सूतगिरणी मागे पडण्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे.

गिरणीसमोर कालव्याचा धक्का आहे. तिथून कालव्याच्या काठाने हाय पीक जंक्शनपर्यंत, म्हणजे जुनी रेल्वे कालव्याला मिळायची तिथपर्यंत, साधारण दोन-अडीच किलोमीटर खरोखरच सपाट वाट आहे. बदकं, झाडी, पाणी. छान आहे.

आणि मग शीप पाश्चर इन्क्लाइन.

जंक्शनपासून वाट सरळ डोंगरावर चढते. अंतर १,३२० यार्ड, म्हणजे बाराशे मीटर. चढ आठ-नऊला एक, म्हणजे आठ-नऊ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. म्हणजे एका दमात साधारण १४० मीटर उंची, आणि सगळी एका सरळ रेषेत. वळण नाही, मध्ये श्वास घ्यायला सपाटी नाही, आणि वर बघितलं की सगळी चढण एकदम दिसते. आपल्या बोरघाटात रेल्वेचा सगळ्यात मोठा चढ ३७ला एक आहे आणि त्याला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. इथला चढ त्याच्या चौपट तीव्र. सिंहगड चढणाऱ्या तरुण माणसाला यात काही विशेष नाही, हे मला मान्य आहे. पण "सगळ्या वयांच्या लोकांना योग्य" असं सांगून ज्यांना इथे पाठवलं जातं, त्यांत सत्तरीची माणसं असतात, बाबागाडी ढकलणाऱ्या आया असतात. आमच्यापुढे एक बाई बाबागाडी ढकलत होती आणि अर्ध्यावरून परत फिरली.

रेल्वेला असा चढ कसा, याचं कारण तिथेच कळतं. क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे १८३०-३१ साली सुरू झाली. ती दोन कालव्यांना जोडण्यासाठी होती. मधल्या पठारावर कालवा खणला तर त्याला पाणी पुरणार नाही, म्हणून रूळ टाकले. पण आखणी करणारा जोसायस जेसप हा कालव्यांतला माणूस. त्याने कालव्यासारखाच विचार केला: लांबच लांब सपाट पट्टे, आणि कालव्यात जिथे पाण्याची दारं येतात तिथे एकदम उभी चढण. त्या चढणींवर इंजिन गाडी ओढत नसेच. वर डोंगरमाथ्यावर एका जागी बसवलेलं वाफेचं इंजिन दोराने वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, वर खेचायचं. म्हणजे या रेल्वेची वाट बरीचशी सपाट आहे हे खरं, पण जिथे नाही तिथे ती चालणाऱ्याची पूर्ण परीक्षा घेते. माहितीपत्रकात ही एक ओळ छापायला काय हरकत होती?

चढणीच्या खालच्या भागात एक खड्डा आहे, तो चुकवू नका. १८८८ साली वर सुटलेल्या वाघिणी इतक्या वेगाने खाली आल्या की कालवा आणि पलीकडचे रेल्वेचे रूळ ओलांडून पुढे जाऊन पडल्या. त्यानंतर सुटलेल्या वाघिणी अडवायला हा खड्डा बांधला. आत मोडकी वाघीण अजून पडलेली दिसते. त्या खड्ड्याशी उभं राहून वर बघा, म्हणजे चढ किती आहे हे आकड्यांपेक्षा जास्त कळेल.

बाबा चढले. दर शंभर पावलांवर थांबत, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मला प्रत्येक थांब्याला त्या माहितीपत्रकाचा राग येत होता. त्यातच वरून सायकलवाले सुसाट खाली येतात. घंटी वाजवतात, पण थकलेल्या माणसाला पटकन बाजूला होता येत नाही. डाव्या कडेनेच चाला, आणि थांबायचं झालं तर पूर्ण कडेला जाऊन थांबा.

वर पोचलं की वाट पुन्हा सपाट होते आणि थोड्या वेळात ब्लॅक रॉक्स येतात. वालुकाश्माचे मोठे काळसर कातळ आहेत, त्यांवर प्रस्तरारोहण करणारी मंडळी असतात. वरून खालची दरी सुंदर दिसते असं सांगतात. आम्ही वर गेलो नाही, बाबांचा गुडघा सुजला होता.

तिथून वर्क्सवर्थचा बाजारचौक दोन-अडीच किलोमीटर. मी फोन करून टॅक्सी बोलावली आणि तिने आमच्याकडून २४ पौंड घेतले. अडीच किलोमीटरला! इथल्या खासगी टॅक्सीला मीटर असेलच असं नाही, बहुतेक वेळा फोनवर जो दर ठरेल तो. थकलेल्या माणसाचा आवाज ओळखता येतो, हे लक्षात ठेवा. बोलावण्याआधी दर विचारा, दोन ठिकाणी विचारा. आणि मुळात क्रॉमफर्ड आणि वर्क्सवर्थच्या मध्ये बस आहे. ती क्रॉमफर्ड हिल नावाच्या उभ्या रस्त्याने काही मिनिटांत वर येते आणि तिचं भाडं या रकमेच्या जवळपासही नाही. त्या रस्त्याने पायी मात्र चढू नका. चढ तितकाच वाईट, पदपथ अरुंद आणि अंगाला घासून ट्रक जातात.

आता वर्क्सवर्थ. उतारावर वसलेलं, दगडी घरांचं, छोटंसं बाजाराचं गाव. बाजाराची सनद १३०६ सालची आहे आणि बाजार अजून मंगळवारी भरतो. मंगळवारीच जा. इतर दिवशी चौक म्हणजे गाड्या उभ्या करायची जागा.

गावाचा पैसा आधी शिशातून आला. खाणकामगारांचं स्वतंत्र न्यायालय, बारमोट कोर्ट, इथल्या मूट हॉलमध्ये अजून वर्षातून एकदा बसतं. खनिज मोजायचं १५१३ सालचं धातूचं माप तिथे जपून ठेवलं आहे. दर तेरावं माप राजाचं. हॉल एरवी बंद असतो, त्यासाठी मुद्दाम जाऊ नका. त्यापेक्षा सेंट मेरी चर्चमध्ये जा. भिंतीत बसवलेलं एक छोटं मध्ययुगीन शिल्प शोधा: कुदळ आणि टोपली घेतलेला खाणकामगार. ते मुळात शेजारच्या बॉन्सलच्या चर्चमधलं. देवळात साधा मजूर कोरलेला बघून बाबा खूप वेळ तिथे बसून राहिले. त्याच चर्चमध्ये कोरीवकाम केलेली एक सपाट शिळा आहे, साधारण बाराशे वर्षांपूर्वीची, १८२० साली वेदीपुढच्या फरशीखाली सापडलेली. बहुतेक लोक फक्त ती बघून परततात. तुम्ही त्या खाणकामगारापर्यंत जा.

शिशानंतर कापूस आणि फिती. इथल्या हार्लेम मिलमध्ये आधी आर्कराइटचं सूत निघायचं, पुढे गावातल्या गिरण्यांत फिती विणल्या जायला लागल्या. सरकारी कागदपत्रं बांधायची तांबडी फीत इथली. मग चुनखडी. १८७४ पासून गावाच्या अगदी कुशीत खाण चालली आणि १९२०च्या दशकात तिथे दगड फोडण्याची यंत्रं आल्यावर गाव धुळीने माखलं. घरं पडायला आली होती. १९७८ साली गाव सावरण्याची योजना सुरू झाली आणि १९८३ साली तिला वारसा जतनासाठीचा युरोपा नोस्ट्रा पुरस्कार मिळाला. आज ज्या स्वच्छ दगडी गल्ल्यांचे फोटो आपण काढतो, त्या एका पिढीने मेहनतीने वाचवलेल्या आहेत. गिरणगावात बाबांच्या चाळीसमोर काय उभं राहिलं ते मी बघितलेलं आहे, म्हणून मला या गावाबद्दल फार आदर वाटला.

मे महिन्याच्या शेवटी गेलात तर विहिरींची सजावट बघायला मिळते. फळीवर ओली माती थापून तिच्यात पाकळ्या, पानं, बिया टोचून चित्रं काढतात, फुलांची उभी रांगोळीच. १८२७ साली नळाचं पाणी आलं त्याच्या आनंदात ही प्रथा इथे सुरू झाली.

तर वाट अशी धरा. डर्बीहून बसने थेट वर्क्सवर्थला जा. रेल्वेची आवड असेल तर डफिल्डहून एक्लेसबर्न व्हॅली रेल्वे घ्या. ही बंद पडलेली लाइन हौशी लोकांनी पुन्हा उभी केली आणि २०११ पासून डफिल्डपर्यंत पूर्ण सुरू आहे. पण ती रोज धावत नाही, आधी वेळापत्रक बघा. सकाळी गाव बघा आणि तिथेच जेवा. दुपारी दोननंतर पबमधलं स्वयंपाकघर बंद झालेलं मिळू शकतं. मग वर्क्सवर्थच्या स्टेशनातून याच हौशी रेल्वेची रेव्हन्स्टॉरला जाणारी छोटी गाडी मिळाली तर घ्या. २७ला एक चढ ती तुमच्यासाठी चढते, आणि तिथून थोडं वर चाललं की हाय पीक ट्रेल लागते. गाडी नसेल तर गावातून पायी वर या, हा चढ सौम्य आहे.

ट्रेलवर डावीकडे गेलात तर मिडलटन टॉपचं १८२९ सालचं इंजिन आहे. या मार्गावरच्या अशा इंजिनांपैकी हे एकच शिल्लक राहिलं, १९६३ पर्यंत ते कामावर होतं, आता ठराविक दिवशी दाबलेल्या हवेवर चालवून दाखवतात. पण तिकडे जाताना मिडलटन इन्क्लाइन आहे, सव्वाआठला एक, सहाशे-साडेसहाशे मीटर. म्हाताऱ्या माणसांबरोबर असाल तर हे सोडून द्या. गाडीने वेगळ्या रस्त्याने वर जाता येतं, इंजिन तेव्हा बघा.

उजवीकडे वळा. सपाट वाटेने ब्लॅक रॉक्स, मग शीप पाश्चर उतरून कालवा, आणि कालव्याने क्रॉमफर्डची गिरणी. उतरतानाही गुडघ्यांवर ताण येतो, तेव्हा एक काठी आणि पकड असलेले बूट हवेतच. पावसानंतर बारीक खडी घसरते. ज्यांचे गुडघे खरंच खराब आहेत त्यांनी ब्लॅक रॉक्सपर्यंत जाऊन त्याच सपाट वाटेने परत यावं आणि वर्क्सवर्थहून बसने क्रॉमफर्ड गाठावं. गिरणी संध्याकाळी लवकर बंद होते, शेवटची फेरी किती वाजता आहे ते सकाळीच फोन करून विचारा, आणि परतीच्या गाडीची वेळ लिहून ठेवा. दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.